हातात काय होतं

सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाच्या वाट्याला दीड ओळ आली आहे. ‘त्याच वर्षी नदीकाठच्या लाकडाच्या वखारींना आग लागून मोठी जीवित व वित्तहानी झाली.’ संपलं. पुढच्या ओळीपासून पाणीपुरवठा योजना सुरू होते. परीक्षेत त्यावर एका गुणाची रिकामी जागा येते आणि निम्मी मुलं तिथे ‘पूर’ लिहून मोकळी होतात.

या दीड ओळीत माझा भाऊ आहे. तो चार वर्षांचा होता आणि मी सहा वर्षांची.

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. एकोणतीस वर्षं इतिहास शिकवते आहे आणि सनावळ्या घोकून घेणाऱ्या मास्तरांशी माझं कधी पटलं नाही. आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं, बाई, एका गुणाच्या प्रश्नाला तुम्ही सहा तास घालवता. मी म्हणते, तुम्ही प्रार्थनेनंतरच्या सूचनांना किती घालवता ते एकदा मोजा. मग ते चष्मा पुसतात आणि मी माझ्या वर्गावर जाते.

ते सहा तास म्हणजे माझे ‘साक्षी’चे तास. वर्गात एक खुर्ची ठेवायची, त्यावर गावातलं एखादं जुनं माणूस आणून बसवायचं आणि मुलांनी त्याला चारच प्रश्न विचारायचे. तुम्ही कुठे उभे होता? काय दिसलं? काय ऐकू आलं? आणि हातात काय होतं? पहिले तीन कुणालाही सुचतील. चौथा माझा. माणूस पाहिलेलं सजवून सांगतो, ऐकलेलं तर बहुतेक दुसऱ्याचंच सांगतो, पण हातात काय होतं म्हटलं की तो थबकतो आणि खरं बोलायला लागतो. नदीवरचा पूल सुरू झाला तेव्हा हातात काय होतं, असं विचारल्यावर एक आजोबा म्हणाले, “दुसऱ्याची छत्री.” मुलं खो खो हसली. पण त्या दिवशी पाऊस होता हे आम्हाला त्या छत्रीमुळेच कळलं. वर्तमानपत्रात तर लख्ख ऊन छापलं होतं.

फळ्यावर तीन रकाने असतात: पाहिलं, ऐकलं, अंदाज. साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं त्यात लिहायचं. आणि सगळ्यांच्या वहीत उतरेपर्यंत फळा कुणी पुसायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. हा नियम मीच केला.

आगीचा धडा आला की मी घरून माझी पाटी नेते. लाकडी चौकटीची दगडी पाटी, एका कोपऱ्यात चौकट काळी पडलेली. आगीतून बाहेर आलेल्यांपैकी आमच्या घरात ही एकच वस्तू आता उरली आहे. मुलं ती हातात घेतात, वास घेतात, काळा कोपरा नखाने खरवडून बघतात. मग मी सांगते की ही माझी, मी पहिलीत होते, आणि वर्ग एकदम गप्प होतो. दर वर्षी.

या वर्षी मात्र एक मुलगी गप्प झाली नाही. वर्गाने तिचं नाव वकीलबाई ठेवलं आहे आणि ते तिला शोभतं. तिने पाटी उलटसुलट केली आणि विचारलं, “बाई, ही बाहेर कशी आली?”

“माझ्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत होती. ते सुतार होते.”

“मग पेटी कुठे आहे?”

“नंतर विकली असेल.”

“असेल म्हणजे अंदाज, बाई,” ती म्हणाली आणि तिने तिसऱ्या रकान्यात तसं लिहूनही टाकलं.

मी हसले. घरी जाताना मात्र ते खडा बुटात जावा तसं टोचत राहिलं.

आमच्या घरातली त्या दिवसाची गोष्ट अशी होती. आई नदीपलीकडे धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या कामावर होती. वखारींच्या मागे आमची खोली. आग लागली तेव्हा वडील आम्हा दोघांना घेऊन गल्लीतून पळाले. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात धाकटा. गर्दीत हात सुटला. धाकट्याचा सुटला, पेटी सुटली नाही. मी म्हणे पुढे पळाले होते.

आईने त्यांना घराबाहेर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्यांचं नाव ‘पेटी’ ठेवलं. “पेटीला सांग, पान वाढलंय.” “पेटीला विचार, दिवा मालवायचा का.” ती स्वतः त्यांच्याशी बोलत नसे, मी मध्ये निरोप्या. सहा वर्षांची होते तेव्हापासून हे निरोप मी पोचवत आले. अकरा वर्षांची असताना एकदा आई आजारी होती, तिने काही सांगितलं नव्हतं, आणि मी आपणहून म्हटलं, “पेटी, जेवायला चल.” ते उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. त्यानंतर मी त्यांना बाबा म्हटलं नाही. बेचाळीस वर्षं झाली. ‘ऐकलं का’, ‘बसा’, ‘औषध घेतलं का’ एवढ्यावर भागतं माणसाचं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि ते माझ्याकडे आले. मी लग्न केलेलं नाही, तेव्हा कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. त्यांचं सगळं वेळच्या वेळी करते. दाढी, आंघोळ, गोळ्या. प्रेमाने करते असं म्हणणार नाही. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घराचं दार, मग मी. दोन महिन्यांपासून ते मला ‘बाई’ म्हणतात. कामाला ठेवलेली समजतात की शाळेतली, देव जाणे. रोज संध्याकाळी विचारतात, “बाई, माझी मुलगी कधी येणार?” सुरुवातीला मी भांडले, अहो मीच ती. ते बिचारे ओशाळून हसायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे. आता मी नुसतं “येईल” म्हणते.

डॉक्टर म्हणाले, जुनं अजून शाबूत आहे, पण तेही जाईल. सहा महिने, फार तर आठ.

तेव्हा माझ्या मनात आलं ते सांगते, त्यात काही भूषण नाही. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की पेटी का सोडली नाही. सत्तेचाळीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. आता थोड्या दिवसांत ते उत्तर त्यांच्याजवळही राहणार नव्हतं. घरात विचारायचं धाडस मला झालं नाही. म्हणून मी चाळीस मुलांना पुढे केलं.

त्या दिवशी मी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास घेत शाळेत आणलं. मुलांना एवढंच सांगितलं की हे वखारीत सुतार होते, आगीच्या दिवशी तिथेच होते, थोडं विसरतात, तेव्हा घाई करू नका. माझे वडील आहेत हे सांगितलं नाही. साक्षीदाराचं नातं आधी सांगायचं नसतं, नाहीतर मुलं बिचकतात, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर तो शब्द माझ्या तोंडून निघाला नसता.

ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी वर्ग पाहिला. समोरच्या टेबलावर पाटी होती. तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ते बाकाची कड चाचपत होते. “सांधा बरा केलाय,” ते पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाले. मुलगा लाजला, जसा काही त्यानेच केला होता.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. साक्षीच्या तासाला बाईंनी बोलायचं नाही, हाही माझाच नियम. वकीलबाई खडू घेऊन फळ्याशी होती.

“आजोबा, तुम्ही कुठे उभे होता?”

“आमच्या खोलीच्या दारात. जेवायची सुट्टी झाली होती ना.”

घरी त्यांना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. इथे आवाज स्वच्छ होता.

“काय दिसलं?”

“धूर नंतर दिसला. आधी उंदीर दिसले. भिंतीकडेने रांगेने निघाले होते, कुणाची भीडभाड न ठेवता. तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय.”

मुलं सरसावून बसली. वकीलबाईने ‘पाहिलं’च्या खाली ‘उंदीर’ लिहिलं.

“काय ऐकू आलं?”

“ओंडके तडकत होते. आणि करवतीचं यंत्र कुणी बंदच केलं नव्हतं. सगळे पळाले आणि पातं आपलं रिकामं फिरत राहिलं. घूं घूं करत. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मागे येत होता.”

मी तळहात पदराला पुसले.

“आणि तुमच्या हातात काय होतं?”

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि एकेक करून पाहिले.

“उजव्या हातात ओलं पोतं. हौदात बुडवलेलं. पोरांच्या डोक्यावर धरलं होतं. डाव्या हातात मोठीचा हात.”

ओल्या पोत्याचा वास मला आठवतो. त्या दिवसातलं तेवढंच मला आठवतं, आणि ते का आठवतं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हजारो वेळा मुलांना सांगितलं असेल की साक्षीदार कुठे उभा होता ते आधी विचारा. मी कुठे होते, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. पुढे पळाले होते, हे आईचं. आईने ते वडिलांकडून ऐकलेलं, आणि मी ते आईकडून.

“आणि पेटी?” मी मागून बोलले. मुलांनी माना वळवल्या. “हत्यारांची पेटी कुठे होती?”

“पेटी?” त्यांनी जरा आठवून पाहिलं. “पेटी आत राहिली, बाई. जळाली. अशा वेळी पेटी कोण घेऊन बसतो.”

वकीलबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पुढे विचारलं. तिला शिकवलंच तसं होतं.

“मोठी म्हणजे कोण? पोरं किती होती?”

“दोन. मोठी माझी मुलगी, सहा वर्षांची. आणि धाकटा, चार वर्षांचा.”

“मग धाकट्याचा हात कुणी धरला होता?”

“मोठीने. गल्ली अरुंद, तिघं शेजारी मावत नव्हतो. मी, माझ्यामागे ती, तिच्यामागे तो.”

“त्याला कडेवर का नाही घेतलं?” हे पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं. मुलं निर्दय असतात असं नाही, त्यांना खरंच कळून घ्यायचं असतं.

“घेतलं होतं रे. पोतं धरता येईना. वरून निखारे पडत होते. उतरवलं. तो म्हणाला, मी चालतो, ताईबरोबर चालतो. तेवढं माझं चुकलं. उतरवायला नको होतं.”

वकीलबाईचा खडू फळ्यावरच टेकलेला होता.

“मग?”

“मग वळणावर गर्दी दाटली. मी मोठीला खेचून मोकळ्यावर काढलं आणि वळून पाहिलं. मोठी होती. तिच्या दुसऱ्या हातात पाटी होती. नवी पाटी, आदल्याच आठवड्यात आणलेली. छातीशी घट्ट धरली होती. काखेत घेतली होती तिने निघताना. निसटायला लागली असणार, म्हणून त्याचा हात सोडून धरली. पोरच ते. तिला वाटलं असेल, पाटी फुटली तर बाई रागावतील.”

“असणार म्हणजे अंदाज,” वकीलबाई सवयीने पुटपुटली. मग तिची नजर टेबलावर गेली. पाटीवर, पाटीच्या काळ्या कोपऱ्यावर, आणि तिथून माझ्यावर. एकेक करत सगळ्या वर्गाची नजर त्याच वाटेने आली.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मला काहीही आठवलं नाही. ना पाटी निसटताना आठवली, ना हात. इतक्या मोठ्या गोष्टीची मला एवढीसुद्धा आठवण नव्हती आणि ती दुसऱ्याने माझ्यासाठी जपून ठेवली होती.

“मी आत गेलो परत. दोनदा. दुसऱ्यांदा लोकांनी धरून ठेवलं,” ते सांगत होते, आता कुणी विचारत नसतानाही. “तो दुसऱ्या दिवशी मिळाला. आगीच्याच संध्याकाळी पोरांची आई कामावरून धावत आली. म्हणाली, हात कुणी सोडला? मोठी समोरच उभी होती. मी म्हटलं, मी सोडला. ती म्हणाली, कशासाठी? आता कशासाठी म्हणून सांगू? म्हटलं, पेटी होती हातात. तोंडात आलं ते बोललो. मग पाटी कुठून आली, तर म्हटलं, पेटीत होती. आणि पेटी कुठंय, ते तिनं विचारलंच नाही. पुढंही कधी नाही.”

“तुम्ही नंतर खरं का नाही सांगितलं?” वकीलबाईचा आवाज बारीक झाला होता.

“कुणाला?” त्यांना तो प्रश्न खरोखरच कळला नाही. “पोरीचं सगळं आयुष्य जायचं होतं. माझं काय, निम्मं झालं होतं.”

तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते.

मग ते खुर्चीत पुढे झुकले आणि मुलांना हळूच म्हणाले, “तिला माहीत नाही हं हे. तिला कुणी सांगू नका. शिकलीय ती, शाळेत नोकरीला आहे. माझ्यावर रागावलेली असते, पण असू दे. माझ्यावर रागावलेलं बरं.” तेवढ्यात त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. ते सावकाश वाचायला लागले, एकेक शब्द बोटाने दाखवत. वाचता वाचता त्यांचा चेहरा घाबरा झाला. “हे का लिहिलंत? बाई, हे पुसा. मला न्यायला माझी मुलगी येईल. ती यायच्या आत पुसा.”

मला वाटलं होतं की उत्तर मिळालं की मी त्यांना माफ करीन किंवा करणार नाही. दोन्हीची तयारी करून आले होते. हे तिसरं काही माझ्या गावीही नव्हतं. बेचाळीस वर्षं मी ज्या माणसाला हाक मारली नाही, त्याने ती न मारलेली हाकसुद्धा माझ्यासाठीच सोसली होती. आणि आता हे सांगायला, त्यांच्या पाया पडायला, काहीही करायला, मला ओळखणारा माणूस त्या खुर्चीत उरला नव्हता.

“बाई,” वकीलबाईने विचारलं, “पुसायचं का? वह्यांत उतरवलेलं नाही अजून कुणी.”

मी बाकांमधून पुढे गेले. डस्टर घेतला आणि तिन्ही रकाने पुसले. उंदीर, करवत, ओलं पोतं, मोठी, धाकटा. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा साक्षीचा फळा वहीत न उतरता कोरा झाला. दोनदा पुसला. कुणी “बाई, नियम” असं म्हणालं नाही. बाकांवरच्या वह्या एकेक करून मिटल्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“ती आली का बघा बरं जरा.”

मी वर्गाबाहेर गेले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीशी उभं राहून मी तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं. शेजारच्या वर्गात कुणीतरी सनावळ्या म्हणून घेत होतं. मी पाच, दहा, वीस आकडे मोजले आणि दारातून पुन्हा आत आले.

“बाबा,” मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. “बाबा, न्यायला आले.”

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि चेहरा हळूहळू निवळला. ओळखलं, की नुसतं कुणीतरी न्यायला आलं म्हणून बरं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. त्याला पुरावा नाही.

“आलीस?” ते म्हणाले. “बस झालं, घरी जाऊ. काही नाही, पोरांशी जरा गप्पा मारत होतो. लाकडाबद्दल.”

“हो, बाबा.”

त्यांनी डावा हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. दाराशी पोचलो तेव्हा वकीलबाई मागून धावत आली, टेबलावरची पाटी उचलून. “बाई, ही राहिली,” ती म्हणाली, आणि मग माझ्या हातांकडे पाहून पाटी घेऊन तशीच मागे सरली.